लावून पाहणें आणि पाहून लावणें

शब्दांचा क्रम बदलला म्हणजे अर्थ किती पालटतो याचीं उदाहरणें आम्ही शाळेंत व्याकरणाच्या तासाला पुष्कळ देत असूं. परंतु त्या सर्वांहून मासलेवाईक असें एक उदाहरण आम्हांस कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकांत न सांपडतां गेल्या चातुर्मासांत एका यंत्राच्या पेटींत सांपडलें. ‘लावून पाहणें’ आणि ‘पाहून लावणें’ हें तें उदाहरण होय. धातु तेच दोन. पण पहिल्या रीतीनें वागणारा मनुष्य आधीं हात घालतो व मग डोळे उघडतो, आणि दुसऱ्या रीतीनें वागणारा आधीं डोळे उघडतो व मग हात घालतो. औषधपाणी, मुलीचें स्थळ, मुलाची विद्याशाखा, पैशाची गुंतवणूक, असा एकही गृहव्यवहार नाहीं कीं जेथें हा भेद प्रत्ययास येत नाहीं. आजचा आमचा विषय मात्र अगदीं लहान, हाताच्या पंजाएवढा आहे. ज्या विजेच्या उपकरणाच्या पोटांतील रचना आपणांस ठाऊक नाहीं त्यास तारा कशा जोडाव्या, एवढाच तो विषय.

हा विषय आमच्यासारख्या संस्कृतच्या शिक्षकाच्या वाट्यास कसा आला हें प्रथम सांगितलें पाहिजे. आम्ही राहतों तें पाम हें गांव बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीस लागून आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें. पुढें त्याची वसाहत येथें उभी राहिली. तारापूरच्या अणुविद्युत् केंद्राची वीज १९६९ सालापासून मिळूं लागली. तेव्हांपासून या टापूंतील घरांचें वेळापत्रक पंचांगापेक्षां कारखान्याच्या भोंग्यावर अधिक चालतें. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी हे शब्द येथील बायकांच्या तोंडीं सकाळ, दुपार, रात्र या शब्दांइतकेच सहज येतात. रसायनें, औषधें, कापड, लोखंड असे नाना प्रकारचे कारखाने. आणि त्यांच्या आधारानें जगणारे लहान लहान गाळे. अशाच एका गाळ्यांत आमच्या थोरल्या बंधूंचा नातू गेल्या वर्षीं स्वतंत्र धंदा करूं लागला.

हा मुलगा सहा वर्षें एका कारखान्यांत यंत्रदुरुस्तीच्या खात्यांत नोकरीस होता. कारखान्यांतील नळांवर, झडपांवर आणि विजेच्या पेट्यांवर कोरीव अक्षरांच्या पाट्या लावाव्या लागतात, व त्या नेहमींच हव्या असतात, हें त्यानें हेरलें. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सामानांतून त्यानें कोरकामाचें जुनें यंत्र एक लाख चाळीस हजार रुपयांस घेतलें. बंधू आज हयात नाहींत. त्यांच्या पश्चात् वहिनींच्या नांवें मुदतीची जी ठेव होती ती मोडून वहिनींनीं हे पैसे नातवास दिले. एकत्र कुटुंबांत असे व्यवहार मुकाट्यानें होतात. कोणी कोणास लिहून देत नाहीं आणि कोणी विसरतही नाहीं. त्यानंतर त्या यंत्राचें बरें-वाईट हें आमच्या घरांतील सर्वांचेंच बरें-वाईट झालें, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

आतां यंत्राकडे वळूं. भिंतीवरील सेलच्या घड्याळाचा सेकंदकाटा एकेक घर पुढें सरकतो तो ज्या चिमुकल्या मोटरच्या योगानें, ती पावलापावलानें चालणारी मोटर होय. मारिउस लाव्हे या फ्रेंच इंजिनिअरानें १९३६ सालीं या जातीच्या मोटरचें पेटंट घेतलें. तारापूरची वीज सुरू झाली त्याच १९६९ सालीं, डिसेंबरच्या २५ तारखेस, जपानांत सेइकोनें जगांतील पहिलें क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस काढलें. त्यांतही पावलांनीं चालणारी मोटर होती. कोरकामाच्या यंत्रांत हिचीच थोरली बहीण असते. तिला स्टेपर मोटर म्हणतात. पंख्याची मोटर वीज मिळतांच गरगर फिरूं लागते. स्टेपर मोटर तशी फिरत नाहीं. जपाच्या माळेचा एकेक मणी ओढावा त्याप्रमाणें विजेच्या एकेका ठोक्यासरशीं ती एकेक पाऊल टाकते आणि थांबते. नेहमींच्या प्रकारांत अशीं २०० पावलें झालीं म्हणजे एक फेरा पुरा होतो. म्हणजे एक पाऊल १.८ अंशाचें. किती ठोके दिले हें मोजलें कीं हत्यार कोठें पोंचलें हें कळतें. या ठोक्यास कारखान्यांत ‘पल्स’ म्हणतात.

या व्यवस्थेंत तीन पात्रें असतात. पहिला कंट्रोलर, हा हुकूम सोडतो. तिसरी मोटर, ही काम करते. मध्यें ड्रायव्हर. कंट्रोलरचा ठोका अगदीं अशक्त असतो. त्यानें मोटर हलत नाहीं. तो ठोका ऐकून मोटरच्या वेटोळ्यांत भरपूर वीज योग्य क्रमानें सोडणें हें ड्रायव्हरचें काम. आमच्या व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर मोटर ‘करते’ आणि ड्रायव्हर ‘करवितो’. तो प्रयोजक कर्ता होय. ड्रायव्हरच्या कानाशीं तारा लावण्याचीं सहा टोंकें असतात, म्हणजे तीन जोड्या. एक पल्सची, दुसरी दिशेची, तिसरी ‘एनेबल’ची, म्हणजे मोटर धरून ठेवावी कीं मोकळी सोडावी हें सांगणारी. प्रत्येक जोडीच्या आंत एक सूक्ष्म दिवा आणि त्याच्यासमोर त्याचा उजेड ओळखणारा एक डोळा बसविलेला असतो. यास ऑप्टोकपलर म्हणतात. दिवा आणि डोळा यांमध्यें धातूचा संबंध मुळींच नाहीं. पडद्याआडून दिव्यानें खूण करावी त्याप्रमाणें निरोप केवळ उजेडानें पलीकडे जातो. त्यामुळें मोटरकडील बलवान् विजेचा उपद्रव कंट्रोलरच्या नाजूक भागास होत नाहीं.

मुलानें आणलेल्या यंत्राचे रूळ, दांडे, मोटर सर्व ठाकठीक होतें. पण जुना कंट्रोलर मेलेला होता. त्यानें नवा आणला. तीन मोटरचे तीन जुने ड्रायव्हर मात्र तेच ठेवणें भाग होतें, कारण पैसे संपले होते. अडचण येथेंच आली. ड्रायव्हरवरील अक्षरें कोणी तरी खरवडून टाकलेलीं होतीं. आपली रचना दुसऱ्यानें उचलूं नये म्हणून असें करणारे लोक असतात. नकाशा नाहीं, पुस्तक नाहीं. सहा टोंकांपैकीं पल्सचें कोणतें, दिशेचें कोणतें? धन कोणतें, ऋण कोणतें? आंतील दिवा ५ व्होल्टांवर लागणारा कीं २४ व्होल्टांवर? आणि नवा कंट्रोलर वीज बाहेर लोटणारा कीं आंत ओढून घेणारा? यंत्र विकणाऱ्यानें तेवढें सांगितलें होतें कीं “सगळें पांच व्होल्टचें आहे.” इकडे पाट्यांची पहिली मागणी हातीं आली होती, विसारही घेतलेला होता, आणि दसऱ्यापूर्वीं माल द्यावयाचा होता.

एक परिचित कारागीर गाळ्यावर आला आणि म्हणाला, “एवढा विचार कशाला? लावून पाहूं. चालला तर चालला, जळला तर दुसरा आणूं.” ही हकीकत त्या रात्रीं जेवतांना निघाली. वहिनी वाढीत होत्या. त्या थांबल्या आणि आम्हांकडे वळून एवढेंच म्हणाल्या, “भावजी, दुसरा कशांतून आणायचा?”

या प्रश्नास त्या पंक्तींत कोणापाशीं उत्तर नव्हतें. जेवणें झाल्यावर मुलगा आमच्या खोलींत आला. “आजोबा, मला जोडायला भीति वाटते असें नाहीं; पण कोठून सुरुवात करावी तें सुचत नाहीं,” असें तो म्हणाला. विजेच्या शास्त्रांत आम्ही त्यास काय सांगणार? पण अज्ञात वस्तूविषयीं ज्ञान कसें मिळवावें याचा विचार आमच्या देशांतील नैयायिकांनीं शतकानुशतकें केलेला आहे, आणि अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ आम्ही तरुणपणीं घोकलेला आहे. न्यायशास्त्र ज्ञानाचीं चार साधनें मानतें. डोळ्यांनीं पाहिलें तें प्रत्यक्ष. धूर पाहून डोंगरावर अग्नि आहे असें ओळखलें तें अनुमान. गाईसारखा दिसतो तो गवय असें ऐकून रानांत गवय ओळखला तें उपमान. आणि विश्वासू मनुष्याच्या सांगण्यावरून कळलें तें शब्दप्रमाण. आम्ही एक कोरी वही काढली आणि म्हटलें, “उद्यां तूं मीटर धर, आम्ही लिहितों. प्रत्येक गोष्टीपुढें ती तुला कशावरून कळली तेंही आम्ही विचारणार.” मुलगा हंसला, पण कबूल झाला.

दुसऱ्या दिवशीं पहिल्या पानावर विकणाऱ्याचें तें वाक्य लिहिलें, आणि पुढें ‘शब्द’ असा शेरा मारला. शब्दप्रमाणास बोलणारा आप्त असावा लागतो, म्हणजे त्यास वस्तु यथार्थ ठाऊक असावी आणि ती तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. विकणाऱ्याची इच्छा वाईट होती असें आम्ही म्हणत नाहीं; पण त्यास ठाऊक होतें याला पुरावा काय? म्हणून त्या वाक्याखालीं तांबड्या शाईची रेघ ओढली. पारखून घेतल्यावांचून त्यावर कांहींही उभारावयाचें नाहीं, असा त्या रेघेचा अर्थ ठरला.

नंतर परीक्षांचा क्रम लाविला. ज्या परीक्षेंत कांहींच बिघडूं शकत नाहीं ती प्रथम, आणि जींत सर्वांत अधिक बिघडूं शकतें ती सर्वांच्या शेवटीं. भिंतीवरील २३० व्होल्टांच्या विजेचें बटण बंद करून खटका उपटून ठेवला. अशा पेटींत वीज बंद केल्यावरही कांहीं वेळ कपॅसिटरांत विजेचा सांठा राहतो. तो निवला कीं नाहीं हें मीटरनें पाहिल्याखेरीज आंत बोट घालूं नये. घरांतील मुलांनीं आणि हौशी लोकांनीं हा नियम विशेष लक्षांत ठेवावा. आणि २३० व्होल्टांच्या बाजूस तर जाणत्या मनुष्यावांचून हातच लावूं नये.

पहिली परीक्षा मोटरच्या तारांची. प्रत्येक मोटरच्या चार तारा, रंग उडालेले, शिवाय रंगांचा संकेत कारखान्यागणिक निराळा. चार तारांच्या जोड्या सहा होतात. मीटर लावला तेव्हां त्यांपैकीं दोनच जोड्यांत तीन-चार ओहम विरोध दिसला, बाकींच्या चार जोड्यांत मार्गच नव्हता. म्हणजे प्रत्येक वेटोळ्याचीं दोन टोंकें कळलीं. याची दुसरी खूण आम्हांस फार आवडली. एकाच वेटोळ्याच्या दोन तारा एकमेकींस टेंकवून मोटरचा दांडा बोटांनीं फिरविला तर तो अडखळतो. निराळ्या वेटोळ्यांच्या टेंकविल्या तर पूर्ववत् फिरतो. ही परीक्षा करावयास मीटरही नको. वहिनींनीं ती स्वतः दांडा फिरवून पाहिली आणि “हें बोटांना कळतं हो!” असें म्हणाल्या. वहींत ‘प्रत्यक्ष’ असा शेरा पडला.

दुसरी परीक्षा ड्रायव्हरच्या कानांची. यास विजेचें उगमस्थान म्हणून घड्याळाचे तीन सेल एकापुढें एक ठेवून घेतले. त्यांचा दाब साडेचार व्होल्ट. त्यांच्या मार्गांत १,००० ओहमचा रेझिस्टर घातला. हा रेझिस्टर म्हणजे नळाची अर्धवट उघडलेली चावी. पलीकडे कांहींही असलें तरी साडेचार मिलिअँपिअरांहून अधिक वीज जाऊंच शकत नाहीं, आणि एवढ्यानें त्यांतील दिवा जळत नाहीं, मग तो कोणत्याही दिशेनें जोडा. सहा टोंकांच्या जोड्या पंधरा. प्रत्येक जोडी दोन्ही दिशांनीं, म्हणजे तीस परीक्षा. तिसांपैकीं तिघींतच वीज वाहिली. दिव्यांतून वीज एकाच दिशेनें जाते. म्हणून तीन जोड्या कोणत्या आणि प्रत्येकींतील धन टोंक कोणतें हें एकदमच निश्चित झालें.

आतां अनुमान. पहिल्या ड्रायव्हरांत प्रवाह २.६ मिलिअँपिअर भरला. म्हणजे आमच्या १,००० ओहमच्या रेझिस्टरानें ४.५ पैकीं २.६ व्होल्ट खाल्ले, आणि आंतील भागास १.९ उरले. त्यांतील सुमारें १.२ व्होल्ट अशा दिव्याचे स्वतःचे ठरलेले असतात. राहिले ०.७ व्होल्ट; त्यांस २.६ मिलिअँपिअरांनीं भागलें तर आंत सुमारें २७० ओहमचा रेझिस्टर दडलेला आहे असें निघतें. पेटी न फोडतां पेटींतली वस्तु दिसली! डोंगरापलीकडील अग्नि धुरावरून ओळखणें तें हेंच. ही रचना ५ व्होल्टांसाठीं बरोबर आहे. तींतून त्या वेळीं सुमारें १४ मिलिअँपिअर जातील. पण तींतच २४ व्होल्ट घातले तर प्रवाह ८४ मिलिअँपिअर होईल, आणि अशा दिव्याची सहनशक्ति बहुधा २० ते ५० मिलिअँपिअरांचीच असते. निरोप पोंचण्यापूर्वीं निरोप्या मरेल.

दुसऱ्या ड्रायव्हरचें उत्तर तेंच आलें. तिन्ही ड्रायव्हर दिसावयास एकाच सांच्यांतले, तेव्हां मुलगा म्हणाला, “आजोबा, तिसरा मोजायची गरज नाहीं. शितावरून भाताची परीक्षा.” आम्ही म्हटलें, “म्हण खरी आहे. पण तीनही शितें एकाच भांड्यांतलीं आहेत हें तुला कशावरून कळलें?” त्यानें तिसरा मोजला. प्रवाह अवघा १ मिलिअँपिअर! हिशेब केला तर आंतील रेझिस्टर सुमारें २,२०० ओहमचा निघाला. बाहेरचें रूप तेंच, पण हा ड्रायव्हर २४ व्होल्टांसाठीं केलेला होता. पूर्वीं केव्हां तरी एक बिघडला असावा आणि त्याच्या जागीं कोणी मिळाला तो बसविला असावा.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें अशी आमची विनंती आहे. कारण सर्व प्रकरणाचें मर्म या जागीं आहे. पुढें नव्या कंट्रोलरची परीक्षा झाली तेव्हां त्याचा दाब २४ व्होल्ट निघाला. आतां समजा, मुलानें त्या कारागिराचें ऐकून लावून पाहिलें असतें, आणि योगायोगानें हा तिसरा ड्रायव्हर प्रथम हातीं आला असता. तो २४ व्होल्टांवर तत्काळ, निर्वेधपणें चालला असता. सर्वांस आनंद झाला असता; ‘पाहा, उगीच भीत होतां’ असें आम्हांस ऐकावें लागलें असतें; आणि त्याच आनंदांत उरलेले दोन त्याच तारांनीं जोडून ते दोन्ही जळाले असते. लावून पाहण्याचा खरा धोका अपयशांत नाहीं. अपयश निदान सावध तरी करतें. खरा धोका लावून पाहिलें आणि साधलें यांत आहे. एकदां साधलें म्हणजे मनुष्य त्यासच नियम समजतो. एका ठिकाणीं धूर आणि अग्नि एकत्र दिसले म्हणून व्याप्ति सिद्ध होत नाहीं, हें नैयायिकांनीं विद्यार्थ्यांस इतकें बजावून कां सांगितलें असेल, तें आम्हांस या वयांत एका पेटीपाशीं बसून नव्यानें कळलें.

तिसरी परीक्षा कंट्रोलरची. त्याचें निर्गमाचें टोंक मीटरला कांहींच दाखवीना. नंतर त्या टोंकापासून २४ व्होल्टांच्या धन टोंकापर्यंत १०,००० ओहमचा रेझिस्टर लावला, तेव्हां २४ व्होल्ट दिसले. आणि कंट्रोलरास ‘हुकूम सोड’ म्हणतांच तो दाब जवळजवळ शून्यावर आला. यावरून हा कंट्रोलर वीज लोटणारा नसून ओढून घेणारा आहे हें कळलें. अशा वेळीं ड्रायव्हरचीं धन टोंकें २४ व्होल्टांच्या धन तारेस जोडावीं आणि ऋण टोंकें एकेक करून कंट्रोलरकडे न्यावीं. कंट्रोलर लोटणारा असता तर याच्या उलट ऋण टोंकें एकत्र करून धन टोंकें त्याच्याकडे न्यावीं लागलीं असतीं. विकणाऱ्याचें पांच व्होल्टांचें वाक्य एका ड्रायव्हराविषयीं आणि कंट्रोलराविषयीं खोटें ठरलें. तांबड्या रेघेचें सार्थक झालें.

राहिला प्रश्न पल्सची जोडी कोणती, दिशेची कोणती याचा. ड्रायव्हरकडे येणाऱ्या मुख्य विजेच्या तारा पूर्वीं जशा होत्या तशाच ठेविल्या होत्या. जें पूर्वीं चालत होतें तें विनाकारण हलवूं नये. मोटर यंत्रापासून सोडवून मेजावर मोकळी ठेवली आणि तिच्या दांड्यास कागदाचा एक बाण डकवला. वीज चालू असतां मोटरची तार कधींही सोडूं अथवा जोडूं नये, नाहीं तर वेटोळ्यांतील वीज उसळून ड्रायव्हर जातो. म्हणून आधीं सर्व जोडून मग वीज दिली. आतां त्याच तीन सेलांच्या तारेनें एकेका जोडीस स्पर्श करूं लागलों. मात्र दिवा नीट लागावा म्हणून पहिल्या दोघांशीं वाटेंतला रेझिस्टर काढला, कारण आंत २७० ओहम आहेत हें आतां ठाऊक झालें होतें. तिसऱ्यास २४ व्होल्टांनीं स्पर्श केला. ज्या जोडीच्या प्रत्येक स्पर्शासरशीं कागदी बाण सरके ती पल्सची. जिच्या स्पर्शानें ताठ असलेला दांडा सैल पडे ती एनेबलची. उरली ती दिशेची; ती धरून ठेवून पल्सला स्पर्श केला तर बाण उलटा चाले. एनेबल मोकळी सोडली असतां मोटर कामास तयारच राहते असें दिसलें, म्हणून ती रिकामीच ठेवली.

मग पहिल्या दोन ड्रायव्हरांच्या प्रत्येक तारेंत २,००० ओहमचा निराळा रेझिस्टर घातला. २४ मधून दिव्याचे १.२ वजा करून उरलेल्या २२.८ व्होल्टांस २,२७० ओहमांनीं भागलें म्हणजे १० मिलिअँपिअर येतात. निरोपास पुरेसे आणि दिव्यास निर्धोक. रेझिस्टरांत त्यानें ०.२ वॉट उष्णता होते, म्हणून पाव वॉटाचा काठावर बसणारा न घेतां अर्ध्या वॉटाचा घेतला. तिसऱ्यास कांहींच घालावें लागलें नाहीं. दिशेचा हुकूम पल्सच्या पूर्वीं किती अवकाशानें पोंचावा हें ठाऊक नव्हतें. पुष्कळ ड्रायव्हरांना कांहीं मायक्रोसेकंद पुरतात. जेथें मर्यादा माहीत नाहीं तेथें अवकाश सढळ द्यावा, या न्यायानें मुलानें तो अनेकपट ठेविला. सर्वांच्या शेवटीं, अकराव्या दिवशीं, कंट्रोलर जोडला.

हत्याराच्या जागीं पेन्सिल बांधून कागदावर एक ठिपका काढला आणि यंत्रास शंभर येरझारा घालावयास लावून पुन्हां त्याच जागीं आणलें. पेन्सिल त्याच ठिपक्यावर टेंकली. एकही पाऊल हुकलें नव्हतें. पाट्या मुदतीनंतर तीन दिवसांनीं गेल्या आणि त्याबद्दल मागणी देणाऱ्यांनीं रकमेंतून कांहीं कापून घेतलें. तें नुकसान खरें; पाहून लावणें फुकट होत नाहीं, त्यास वेळ लागतो, आणि वेळेलाही किंमत असते. परंतु तें नुकसान मोजतां येण्याजोगें होतें. ड्रायव्हर जळते तर वहिनींच्या प्रश्नाला उत्तर द्यावें लागलें असतें, आणि तें आमच्यापाशीं नव्हतें.

एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. काम झाल्यावर आम्ही मुलास म्हटलें कीं वही कपाटांत नीट ठेव. त्यानें निराळेंच केलें. वहींतील सर्व निष्कर्षांचा एक स्वच्छ नकाशा काढला. कोणतें टोंक कशाचें, कोणत्या ड्रायव्हरांत किती ओहम, कंट्रोलर ओढणारा, दाब किती, आणि कोणती गोष्ट मोजून कळली व कोणती केवळ तर्कानें, हें सर्व त्यांत होतें. त्याखालीं तारीख घातली आणि तो कागद पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस डकवला. आम्ही विचारलें, “आतां तर तुला सर्व पाठ आहे, हें कोणासाठीं?” तो म्हणाला, “आजोबा, पुढें ही पेटी जो कोणी उघडील त्याच्यासाठीं.”

मनुष्य जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी असतो असें आपलीं शास्त्रें सांगतात. आणि ऋषींचें ऋण अध्ययनानें फिटतें असेंही सांगतात. ज्यानें ड्रायव्हरवरचीं अक्षरें खरवडलीं त्यानेंही ती विद्या कोणापासून तरी घेतलीच असेल. आमच्या घरांत पितरांचें कार्य नेमानें होतें. ऋषिऋणाचा विचार मात्र श्रावणी झाली कीं संपतो. वहिनींची ठेव तो मुलगा दोन-तीन वर्षांत फेडील अशी आम्हांस आशा आहे. दुसऱ्या ऋणाचा पहिला हप्ता त्यानें त्या झांकणावर डिंकानें चिकटवून भरला आहे.